आखाडातली गुढी

नागपूरलगतच्या वाडीतल्या ट्रक-गोदामांमागच्या गल्लीत गोन्पोला सगळे स्वेटरवाले काका म्हणत. मे महिन्यात माणूस लोकरीच्या गठ्ठ्याला टेकून खुशाल झोपतो, तेव्हा त्याच्या अंगात रक्त नाही, बर्फच आहे, अशी पैज ट्रक ड्रायव्हर ताराचंदनं लावली होती.

आठव्या वर्षी बापाच्या पाठीवर बसून तो तिबेटातून निघाला. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत वाढला, चाळीस हिवाळे नागपुरात स्वेटर विकले आणि गुडघे गेल्यावर पार्वतीबाईच्या भाड्याच्या खोलीतच राहिला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. बोलणं मात्र असं इकडचं, की भाजीवाली म्हणायची, "काका, तुम्ही तिबेटचे नाही, इतवारीचे!"

त्याच्या गावाला एक डोंगरदेव होता. वर्षातून एकदा घरटी एक पुरुष वर चढायचा आणि आपल्या घरचा लाकडी बाण, माणसाच्या दुप्पट उंच, शिखरावर रोवायचा. रोवलेल्या बाणाला कोणी हात लावत नसे. वंश बुडाला, तरच त्या घरचा बाण उपटत. मधली वीस वर्षं उत्सव बंद होता. पुन्हा सुरू झाला, तेव्हापासून गावीच राहिलेला थोरला भाऊ दोघांच्या नावानं बाण रोवायचा. "आमचं घर अजून उभं आहे ना जी," गोन्पो ज्याला त्याला सांगायचा.

यंदा भाऊ वारला. मागे एकटी मुलगी, आणि बाईनं शिखरावर जायचं नाही. तिनं काढलेला उत्सवाचा व्हिडिओ धरमशालेहून फिरत फिरत ताराचंदच्या मोबाइलवर आला. डोंगराखाली स्टेज, पाहुण्यांना खुर्च्या. बाणही आता उत्सव समितीच आणते, घराचं नाव घातलेले, पण सगळे एका रंगाचे, फोटोत सारखे दिसावेत म्हणून. पुरुष नसलेली घरं यादीतून गेली.

"काका, इथं तर आपल्या मारबतीच्या मिरवणुकीपेक्षा जास्त भोंगे हायेत!"

"भोंगे राहू दे. आमचा बाण दिसून राहिला का, पाह्य ना गा."

तीनदा पाहिलं. नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोन्पोनं बांबू आणला, टोक कोरलं, पाच रंगांची कापडं बांधली. डोंगर नाही तर गच्ची. एकेका पायरीवर बसत तो वर गेला, विटा रचून त्यानं बाण रोवला, डब्यातली सुकी पानं जाळून धूर केला आणि बाप द्यायचा तशी आरोळी ठोकली. गोदामातले हमाल पोती टाकून वर बघू लागले.

"अवं बाई, काकानं आखाडात गुढी उभारली!" पार्वतीबाई पदर तोंडाला लावून हसली. पण बाई भली. देवाचं आहे तर रीतसर होऊ दे म्हणून तिनं हळदकुंकू लावलं आणि साखरगाठी मिळेना, तर बत्ताशांची माळ घातली. गोन्पोनं तिच्यापुढे मान झुकवली. त्या दुपारी तो गाढ झोपला.

दिवस मावळायच्या आत बाई पुन्हा वर गेली. गुढी रात्री उभी ठेवत नाहीत. हात जोडून तिनं बांबू उतरवला, कापडांच्या घड्या केल्या आणि खोलीशी आली.

"घ्या काका. तुम्ही झोपून राहिले होते. अंधार पडला असता तर अपशकुन झाला असता ना!"

गोन्पोचे हात पुढे आले नाहीत. "पुरा उपटला?"

"मंग! विटाही जागच्या जागी लावल्या. सकाळी पुन्हा उभारून देऊ का?"

"नाही वं बाई. एकदा उपटला का झालं."

बाईनं बत्तासे गल्लीत वाटले. बांबू चांगला होता, टाकवेना. अंगणातल्या कपडे वाळवायच्या दोरीला तिनं त्याचा टेकू दिला.

त्या बाजूची खिडकी गोन्पो आता उघडत नाही. ताराचंद म्हणतो, काकाले थंडी वाजू लागली, पैज आपण हारलो.