टेप पुसायची नोकरी

ऑक्टोबरात ज्या सकाळी घर तापवणारा फर्नेस पहिल्यांदा सुरू होतो, त्या सकाळी गरम हवेच्या सगळ्या व्हेंटमधून भाजलेल्या धुळीचा वास येतो. सहा महिने पत्र्याच्या नळ्यांत निजलेली धूळ तापते, आणि टोरांटोजवळ व्हिटबीच्या आमच्या या शांत घरात तासभर तरी कुठलीशी जुनी यंत्रं चालू असल्यासारखं वाटतं. मुलगा नाक मुरडून खिडकी उघडतो. मी मात्र खुर्ची ओढून व्हेंटजवळ बसते. टोरांटोतल्या एका रॉक रेडिओ स्टेशनात टेपची खोली होती, तिला अगदी हाच वास होता. त्या खोलीत माझी पंधरा वर्षं गेली.

त्याआधीचं सांगायचं तर, इचलकरंजीत वडील दुसऱ्याच्या यंत्रमागांवर कामाला होते. त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले, म्हणून आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. एका खोलीत सात माणसं, एक दिवा, आणि माझा अभ्यास उंबऱ्यावर. आईने मागाच्या सुताच्या कांड्या भरून भरून मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी आजही कुणी न विचारता सांगते, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या डिग्रीला कुणी हिंग लावून विचारेना. बऱ्याच खटपटीनंतर या स्टेशनात काम मिळालं. इथला नियम असा, की स्टेशनवरून गेलेला प्रत्येक शब्द टेपवर ठेवायचा, पण फक्त चार आठवडे. तेवढ्यात कुणाची तक्रार आली नाही, तर टेप पुसायची आणि पुन्हा यंत्रावर चढवायची. पुसण्याचं काम माझं. एका जड चुंबकी यंत्रावर रीळ ठेवायचं, बटण दाबून सावकाश गोल फिरवायचं, की आख्ख्या दिवसाचा धिंगाणा कोरा.

आणि धिंगाणा तरी कसला! भिंतीपलीकडे ते लोक गिटारींचा असा कडकडाट लावत, की माझ्या टेबलावरच्या टाचण्या थरथरत. इतरांना डोकेदुखी व्हायची. मला माहेरची आठवण यायची. सकाळचा कार्यक्रम करणारा माणूस तर सगळ्यांचा राजा. जानेवारीतही चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात स्टुडिओत यायचा. एकदा बॉसने एका नवख्या बँडचं गाणं लावायला मनाई केली, तर या गड्याने दार आतून लावून घेतलं आणि तेच गाणं दुपारपर्यंत लावत बसला. बॉस काचेबाहेरून हातवारे करतोय, आणि हा त्या हातवाऱ्यांचं धावतं वर्णन ऐकवतोय! शहरभर लोक गाड्या रस्त्याच्या कडेला लावून हसत होते म्हणे. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं, की मी बी.एस्सी. आहे. तेव्हापासून त्याने माझं नावच बी.एस्सी. ठेवलं. "वेळ बरोबर आहे का, बी.एस्सी.ला विचारतो," असं तो रेडिओवरून म्हणायचा, आणि मी घड्याळ बघून अंगठा दाखवायची.

तिथले बाकीचे लोक एखादं रीळ कोटाखाली घालून घरी न्यायचे. मी नेलं नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत नेऊही दिलं नाही. एकदा तो स्वतः माझ्या दारात आला.

"बी.एस्सी., ते गेल्या महिन्यातलं रीळ ठेव ना माझ्यासाठी. त्या दिवशी कार्यक्रम मस्त रंगला होता."

"नियमात बसत नाही."

"नियम कोण बघायला येतंय?"

"मी बघते ना."

तो हसला. त्याच्यासमोरच मी ते रीळ यंत्रावर ठेवलं आणि गोल फिरवलं. त्या दिवशी मला माझा किती अभिमान वाटला होता, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

कारण गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा फोन आला. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या वडिलांचा आवाज कायमचा गेला होता. जुनी, स्वच्छ रेकॉर्डिंग्ज मिळाली तर कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलू शकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. स्टेशन केव्हाच विकलं गेलं. त्या इमारतीच्या जागी कॉन्डोचे उंच टॉवर उभे आहेत. ज्यांनी रिळं नेली होती, त्यांची कुणाची बेसमेंटमधल्या पाण्यात गेली, कुणाची घर बदलताना कचऱ्यात. "पण सगळे म्हणतात, टेप तुमच्या ताब्यात असायच्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही कधीच काही हरवलं नाहीत."

मी म्हटलं, "हरवलं नाही. पुसलं."

माझा मुलगा समोरून खुणेने विचारत होता, "मॉम, हूज दॅट?" मी हातानेच त्याला थांब म्हटलं.

हे म्हणाले, "अगं, तू तुझी नोकरी केलीस. त्यात तुझा काय दोष?" दोष नव्हता, हे खरंच. पण निर्दोष असण्याचा त्या मुलीला काय उपयोग? आठ दिवस मी बेसमेंटमधली खोकी उपसत होते. असं काही नाही, हे माहीत असून.

तेवढ्यात डिग्रीच्या फाइलमध्ये स्टेशनातले काही जुने कागद सापडले. तक्रार आली, की त्या भागातला शब्द न् शब्द टाइप करून पाठवणं हेही माझंच काम असे. एकदा या महाशयांनी बटर टार्ट या इथल्या गोड पदार्थात बेदाणे घालणाऱ्यांना रेडिओवरून जे काही म्हटलं, त्यावर एका बाईने तक्रार केली होती. त्यातल्या तीन शब्दांचे अर्थ मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारले, तर ती लाल होऊन म्हणाली, "फक्त स्पेलिंग सांगते." बॉसने त्या टायपिंगवर 'एकही चूक नाही' असा शेरा मारला, म्हणून मी कार्बन प्रत जपून ठेवली होती. काय गंमत आहे बघा. ज्या सकाळी लोक गाड्या थांबवून हसले, त्या सकाळचं काही उरलं नाही. ज्या एका सकाळी कुणी चिडलं, तेवढीच कागदावर राहिली.

मी कळवल्यावर त्याची मुलगी व्हिटबीला आली. ओट्याशी उभ्या उभ्याच तिने पानं वाचायला घेतली. बेदाण्यांपाशी फिसकन हसली. मग एका जागी तिने बोट ठेवलं. तिथे मी नियमाप्रमाणे कंसात टाइप केलं होतं: हसतो.

"हे कसं होतं?" तिने विचारलं. "त्या काळातलं त्यांचं हसणं. मी फार लहान होते, मला आठवत नाही."

पंधरा वर्षं रोज ऐकलेलं ते हसणं माझ्या कानात अगदी स्पष्ट होतं. मी तोंड उघडलं. जे निघालं ते माझंच हसणं होतं, म्हातारं आणि खोटं. "मोठ्याने," मी म्हटलं. "मोठ्याने हसायचे." तिने मान हलवली, जणू तेवढं पुरे होतं. पुरे नव्हतं, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

तिने पानं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि चहा घेऊन ती गेली. नंतर एका रविवारी तिचा मेसेज आला, की वडिलांना ती पानं वाचून दाखवली, दोनदा.

माझ्याकडून त्याला मिळालं ते एवढंच: साडेतीन पानं, बिनचूक टाइप केलेली.