तिथीची पाऊणपट
कॅलेंडरवर तिथी दिसली की तळवलीची ती कोळ्याची मुलगी आठवते. नव्वदच्या दशकात वाशीतल्या क्लासमध्ये, खिडकीतून खाडीचा खारा वास येत असताना, मी ऐटीत सांगत होतो की भौतिकशास्त्राचे नियम साऱ्या विश्वात एकच असतात. ती उठून म्हणाली, "सर, तिथीची पाऊणपट केली का आमच्या खाडीच्या भरतीची वेल कलते, चवथीला तीन वाजता, पन दुसऱ्या बंदरावर त्यो हिशेब चुकतो. मंग तुमचा नियम ताऱ्यांवर कुनी तपासला?" "हा मासळीबाजार नाही," मी म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. पुढच्याच आठवड्यात सोसायटीतल्या एका मुलाने तेच विचारलं, तेव्हा मी चक्क "शाब्बास" म्हणालो. मागच्या बाकावर तीही ऐकत होती. नियम सगळीकडे एकच म्हणणाऱ्या मी एकाच खोलीत दोन लावले, याची लाज अजून जात नाही.