ठिपक्याची ऊब

जगातल्या प्रत्येक वस्तूला ताप आहे आणि तो आपणच मोजायचा राहिलाय, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. बशीतला चहा कुठल्या काठाला आधी निवतो हे ठरल्याशिवाय ते ओठाला लावत नसत. तोवर तो सगळ्याच काठांना निवलेला असे. तांबड्या रश्शाची वाटी पांढऱ्याच्या वाटीला टेकलेली त्यांना खपत नसे. "एकमेकांची ऊब चोरतात," म्हणत आणि मध्ये भाकरीचा तुकडा उभा करत. आक्काला ताप आला तेव्हा थर्मामीटर बघून म्हणाले, "ह्यानं तुझा थोडा ताप खाल्लाय. खरा जास्त हाय."

"मग सगळाच खाऊ दे की त्याला," आक्का म्हणाली.

ही चोरी पकडणं हेच त्यांचं संशोधन. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला एक सुई होती. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या ठिपक्यावर ती टेकवून त्याचं तापमान घ्यायचं. पण गार सुई टेकली की ठिपकाच निवतो. म्हणून दाजी आधी सुई तापवत, थेट ठिपक्याइतकी. दोघांची ऊब सारखी झाली की देणंघेणं थांबतं; तो आकडा खरा. मात्र जरा हादरा बसला की टोक तुटे, मग नवी सुई लावायची. निवृत्तीच्या आदल्या दिवशी एकच सुई उरली होती, एकच मोजणी राहिली होती, तिच्यावाचून त्यांचा निबंध अडला होता, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीखालून डॉल्बी लावून एका नवरदेवाची मिरवणूक मंगल कार्यालयाकडे निघाली होती.

दाजी पांढऱ्या कोटातच खाली धावले, त्यांचा पोचवायला आणलेला डबा घेऊन मी मागोमाग. वरबाप शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले निघाले.

"पावणं, पंचवीस मिनिटं गप्प उभं राहायला लागतंय," दाजी म्हणाले.

"का? कोण गेलंय काय?"

"एका ठिपक्याची ऊब मोजायचीय."

"आमी भट्टीची लांबनं मोजतोय. तुमाला टेकायला लागतंय व्हय?"

दाजींनी भर रस्त्यात सुईची सगळी हकिगत सांगितली. वरबाप नीट ऐकून म्हणाले, "लोखंडाचा रस घ्यायच्या आधी आमी भांडं तापवतो, न्हायतर रस निवतोय. तसंच की."

"अगदी तसंच."

"मुहूर्ताला अर्धा तास हाय. जावा. घोडं बी हलायचं न्हाय."

आणि दोनशे माणसं उन्हात पुतळ्यासारखी उभी राहिली. घोड्याच्या चार पायांशी चार मामा बसले. एका आजींनी आपल्या बांगड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. शेवटी खिडकीतून दाजींचं डोकं बाहेर आलं.

"एक्केचाळीस पूर्णांक सात."

पोरगं पहिलं आल्यासारख्या शिट्ट्या पडल्या, डॉल्बी सुरू झाला, आणि वर शेवटची सुई तुटली. दाजींना फेटा बांधून वऱ्हाडातच नेलं. कोटावर अक्षता घेऊन ते चार वाजता जेवूनच घरी आले.

निबंध छापून आला तेव्हा दाजींना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी तो सावकाश, न समजणाऱ्या आकृत्यांसकट वाचला. अखेरीस आभार होते, आणि त्यांत एक ओळ: मोजणी चालू असताना निश्चल उभ्या राहिलेल्या वऱ्हाडी मंडळींचे. तेवढी मी आक्काला मराठीत करून वाचून दाखवली.

ती ओळ कुठंय ते तिनं मला बोटानं दाखवायला लावलं. मग म्हणाली, "जेवण झकास हुतं म्हणत हुते. ते न्हाय लिहिलं?"