चिकूची करंडी आणि बंद पाकीट

चिकूची करंडी वरून बघून घ्यायची नाही, हे मला कोणी शिकवलं आठवत नाही, पण शिकवणाऱ्यानं फार खोल शिकवलं. वरच्या थरात कोणीही टपोरे चिकूच लावतो. माणूस कळतो तो तळाला. डहाणूत एका शेठच्या वखारीत वाडीवाल्यांचा, म्हणजे चिकूच्या बागायतदारांचा, माल पारखून घ्यायचं काम मी वीस-बावीस वर्षं केलं. शंका आली की करंडी उचलायची आणि सरळ गोणपाटावर पालथी करायची. वाडीवाला रागावला तर रागावला.

अशीच एकदा तलासरीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची करंडी मी चारचौघांत ओतली. आमच्या चिखले गावातच त्यांच्या सासरची छोटी वाडी होती, सुट्टीत ते स्वतः माल घेऊन यायचे. वरचे चिकू जरा जास्तच चांगले दिसले म्हणून मला संशय आला. घरी ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथेच थांबायचो. "प्रोफेसर असले म्हणून काय झालं, ओतली करंडी!" तळाला काय निघालं ते मी कधी सांगितलं नाही. तळाचे चिकू वरच्यांपेक्षा मोठे होते. सर गोणपाटाशी वाकले. एकेक चिकू पुसून परत करंडीत भरत बसले, आणि मी वजनकाट्याकडे बघत राहिलो.

पुढे आमची थोरली त्याच कॉलेजात, त्याच सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकली. नशीब म्हणतात ते हेच असावं.

२०१६ साली तिनं घरात जाहीर केलं की फळझाडांच्या रोगांवर शिकायला ती हॉलंडला जाणार आहे आणि तिथली एक संस्था सगळा खर्च देणार आहे. फी, राहणं, विमान, सगळं.

"आणि त्यांना काय मिळणार?" मी विचारलं.

"काही नाही. शिष्यवृत्ती आहे, बाबा."

"काहीच नाही कसं? किडनीबिडनी बघून घे."

शेठला सांगितलं तर ते काट्यावरून मान वर न करता म्हणाले, "अरे, मफतमां कोण आपे?" फुकटात कोण देतं? मला तेवढंच हवं होतं. घरी येऊन मी पोरीला त्या संस्थेला दहा प्रश्न पाठवायला लावले. ऑफिस कुठे, किती वर्षं चालू आहे, याआधी कोणाकोणाला नेलं, नेलेले परत आले का. दुसऱ्या दिवशी दहाही प्रश्नांची उत्तरं हजर, वर आभार. माझा संशय दुप्पट झाला. एका दिवसात उत्तर देणारी कचेरी मी जन्मात पाहिली नव्हती.

"उत्तर नसतं आलं तर?" पोरीनं विचारलं.

"तर फसवणूक नक्की होती."

"आणि आलं तर?"

"तर जास्त हुशार फसवणूक."

ती हसली आणि अर्ज भरत राहिली. मला हसण्यावारी नेण्याचं एक तंत्र तिनं आईकडून घेतलं होतं.

अर्ज सगळा कॉम्प्युटरवरून गेला. फक्त सरांचं शिफारसपत्र कागदावर हवं होतं. सरांनी ते पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करायची आणि पाकीट तसंच्या तसं कुरिअरनं पोचायला हवं. आत काय लिहिलंय ते विद्यार्थ्यानं बघायचं नाही, तसं तिनं अर्जात लिहूनही दिलं होतं. सोमवारपर्यंत पाकीट निघालं नाही तर अर्ज बाद.

शनिवारी ती तलासरीहून पाकीट घेऊन आली, देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि पासपोर्टची झेरॉक्स काढायला सरावलीला गेली.

मी पाकिटाकडे बघत बसलो. आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाची करंडी मी भर वखारीत ओतली, त्यानं माझ्या मुलीबद्दल काय लिहिलंय ते न बघता मी सातासमुद्रापार पाठवायचं? वरून सही कशी सुबक, टपोरी. मला वरचा थर आठवला.

चुलीवर भात होता. झाकण सरकवलं आणि पाकीट वाफेवर धरलं.

"अहो, काय शिजवताय?" मागून हिचा आवाज.

"शिफारस."

हिनं कपाळाला हात लावला, पण जवळ येऊन उभी राहिली. खोटं कशाला बोला, उत्सुकता तिलाही होती. पाकीट उघडलं खरं, पण आडव्या सहीची निळी शाई वाफेनं पसरली आणि सरांच्या नावाचं एक मोठं जांभूळ झालं.

पत्र इंग्रजीत. माझं इंग्रजी करंड्यांवरच्या पत्त्यांपुरतं. तरी एकेक शब्द लावत गेलो. वरचा भाग चांगला होता, मार्कबिर्क. शेवटाकडे मात्र एक वाक्य सापडलं. या मुलीला सांगितलेलं पटत नाही. पुस्तकात असो, माझ्या तोंडून असो, स्वतः मूळ उकरून बघितल्याशिवाय ती मानत नाही.

"बघितलंस?" मी हिला म्हटलं. "तळाला काय निघालं? पोरगी ऐकत नाही, असं लिहिलंय. इतकी वर्षं डूख धरून होता माणूस!"

ही म्हणाली, "खोटं काय आहे त्यात? ऐकते का ती?"

तेवढ्यात पोरगी दारात. तिच्या हातात झेरॉक्स, माझ्या हातात पत्र, चुलीवर भात लागल्याचा वास. मी पत्र तिच्यापुढे केलं, "वाच, बघ तुझे सर." तिनं चक्क तोंड फिरवलं.

"मी वाचणार नाही असं लिहून दिलंय, बाबा."

"अगं पण उघडलंच आहे तर..."

"तुम्ही उघडलंय." तिनं झेरॉक्स देव्हाऱ्याशेजारी ठेवली. मग एवढंच म्हणाली, "वर्षभर सगळं मी केलं. तुम्ही फक्त एका पाकिटाला हात लावायचा नव्हता."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती खाली बसून लागलेला भात खरवडायला लागली.

रविवारी सकाळच्या जीपनं मी तलासरीला सरांच्या घरी गेलो. वाटेत माफी कशी मागायची ते घोकलं होतं, पण तोंडातून आधी तक्रारच निघाली.

"सर, पत्र उघडलं त्याची चूक माझी. पण ते वाक्य तुम्ही का घातलंत? माझा राग पोरीवर कशाला?"

सरांनी पसरलेली सही उजेडात धरून पाहिली. "वाफ?"

"भाताची."

"म्हणजे तुम्ही माझी करंडी दुसऱ्यांदा ओतलीत."

मला बसायला खुर्ची दिली होती म्हणून बरं. त्यांना सगळं आठवत होतं.

"अहो, शास्त्र शिकणाऱ्यासाठी याहून मोठी शिफारस मला लिहिता येत नाही," ते म्हणाले. "वर्गातल्या बाकीच्यांना मी सांगतो ते पटतं. म्हणून ती बाकीची इथंच आहेत."

हे त्यांनी मनापासून म्हटलं की मला घालवण्यासाठी, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. त्यांनी ते ओळखलं असावं. कपाटातून कॉलेजचा कोरा कागद काढला आणि माझ्यासमोरच लिहायला बसले, पण कागदाच्या आडोशाला एक जाडजूड पुस्तक उभं करून. पहिलं पत्र जेवढं होतं, त्या मानानं हे लिहिणं फारच वेळ चाललं होतं.

"सर, ते वाक्य तेवढं काढलंत का?"

"काढलं की ठेवलं, ते तुम्हाला कळणार नाही," पाकिटाला डिंक लावत ते म्हणाले. सही केली. वर सेलोटेपही मारला. "भातापासून लांब ठेवा."

परतीच्या जीपमध्ये ते पाकीट माझ्या मांडीवर होतं. सेलोटेपचं एक टोक नीट बसलं नव्हतं. मी डहाणू येईपर्यंत त्या टोकावर अंगठा दाबून धरला. उघडायला की बंद ठेवायला, हे विचारू नका. सोमवारी पोरीनं माझ्या हातून पाकीट घेतलं, उलटसुलट करून तपासलं आणि स्वतः कुरिअरला नेऊन दिलं. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली.

महिन्याभरानं तिला मुलाखतीला बोलावलं, कॉम्प्युटरवरच. आतल्या खोलीत ती, बाहेर ओट्यावर आम्ही दोघं. अर्ध्या तासानं दार उघडलं. चेहऱ्यावरून काही समजेना.

"काय विचारलं?" ही म्हणाली.

"चिकूवरच्या बुरशीचं विचारलं. मातीचं विचारलं. आणि शेवटी..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "शेवटी त्या बाईंनी विचारलं, तुझ्या वडिलांनी सरांची करंडी ओतली तेव्हा तळाला काय निघालं?"

म्हणजे दुसऱ्या पत्रात सरांनी मला घातला होता.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, घरी ही गोष्ट शंभरदा ऐकलीय, पण शेवट कोणी सांगितलेला नाही. अंदाजानं सांगणार नाही, खात्री करून कळवते. त्या हसल्या. संध्याकाळपर्यंत मेल कर म्हणाल्या." तिनं कॉम्प्युटर मांडीवर घेतला. "बाबा, काय निघालं तळाला?"

ही पण माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत तिनंही विचारलं नव्हतं.

मी जरा खाकरलो. वाडीतल्या झाडांकडे बघितलं. खोटं सांगितलं असतं तर हॉलंडमध्ये कोण तपासायला येणार होतं? पण ही पोरगी सरांना विचारून खात्री करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"वरच्यांपेक्षा मोठे होते," मी म्हटलं. "लिही."