छत्तीस मशीन आणि आमचे नाना

आमच्या लॅबच्या नानांनी हात लावला की मेलेला संगणकही लाजून सुरू होतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. दोंडाईचाच्या ज्या कॉलेजात मी जळगावहून पहिल्या नोकरीला आले, तिथे ते लॅब असिस्टंट होते. दारात स्टूल टाकून बसायचे. आत येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला लावायचे, प्राचार्यांनासुद्धा. ताप बघावा तसा पालथा हात एकेका संगणकाला लावत फिरायचे आणि अहिराणीत चौकशी करायचे, "काय रे, पोट दुखस का?" एकदा असंच विचारून त्यांनी सात नंबर उघडला, तर पंख्यात पाल अडकलेली. स्क्रीनवरच्या सूचनांवर मात्र त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "तिला दिसतं तेवढंच ती सांगते," म्हणायचे. आणि विचारल्याशिवाय कुणाला काही सांगायचे नाहीत. हा नियम मला फार जड गेला, कारण मी विचारणाऱ्यांतली नव्हेच.

ऑनलाइन परीक्षेचा आदला दिवस होता. छत्तीस मशीनवर एकसारखी विंडोज हवी होती. एक मशीन नमुना म्हणून पूर्ण तयार करायचं, त्याची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढायची आणि नेटवर्कवरून बाकीच्यांत उतरवायची, असं ते काम. पाच वाजता तपासणीला विद्यापीठाचे साहेब येणार होते. लॅब तयार नसली तर केंद्र धुळ्याला जाणार, आणि मुलीला परीक्षेसाठी धुळ्याला न पाठवणारी निदान दहा घरं मला नावानिशी माहीत होती. मी इमेज सोडली. छत्तीसही स्क्रीनवर एकच ओळ आली: डिस्कवर पुरेशी जागा नाही. डिस्क तर कोऱ्या! मी त्या पुन्हा पुसल्या, सर्व्हरवरच्या जुन्या फायली उडवल्या, केबल बदलल्या, मोबाइलवर उत्तरं शोधली. तीन तास गेले. नाना दारात शेंगा सोलत होते. एक वाजता मी दाराशी गेले.

"नाना, जरा बघता का?"

"एवढं म्हणायला तीन तास, मॅडम?" ते आत आले. स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "नमुना कोणत्या मशीनवर बनवला?"

"ऑफिसातल्या नव्या. ते फास्ट आहे ना."

"त्याची डिस्क ह्यांच्या दुप्पट. बेटा, सामान दोन खोल्यांचं, पण तू नकाशा बंगल्याचा धाडला. प्लॉटवर मावत नाही म्हणून ह्या नको म्हणतात."

मग त्यांनी नव्या मशीनच्या डिस्कवरचा ऐसपैस भाग, म्हणजे पार्टिशन, आवळून छोट्या डिस्कमध्ये मावेल एवढा केला, पुन्हा इमेज काढली आणि आधी सगळ्यात लहान डिस्कच्या एकोणीस नंबरवर सोडली. "हिले बसनी ते बठ्ठास्ले बसनी," म्हणाले; हिला बसली तर सगळ्यांना बसलीच. टक्के चढू लागले. शंभर झाले, मशीन सुरू झालं आणि मी त्या माणसाकडे बघतच राहिले. एका प्रश्नात त्यांना सगळं दिसलं होतं.

तेवढ्यात प्राचार्य डोकावले. "इतका उशीर कुणामुळे?" माझ्याकडे कबुलीचं वाक्य तयार होतं, पण इंग्रजीत; मराठीत ते जिभेवर येईना. नाना आधी बोलले, "माझ्याकडून राहिलं, सर."

"दोन महिन्यांत रिटायर होताय नाना, आता तरी लक्ष द्या!"

नाना "हो, सर" म्हणाले. प्राचार्य गेल्यावर मी विचारलं, का घेतलं अंगावर? "तुला इथे तीस वर्षं काढायची आहेत. मला दोन महिने," एवढंच म्हणाले आणि वीस नंबरकडे वळले. पावणेपाचला छत्तिसावी स्क्रीन उजळली. दुसऱ्या दिवशी त्या दहाही घरांतल्या मुलींनी आमच्याच लॅबमध्ये पेपर दिला.

प्राचार्यांना खरं काय ते उद्या सांगेन, परवा सांगेन म्हणत मी ते दोन महिने घालवले. निरोपाच्या कार्यक्रमात माइक हातात आला, तेव्हाही मी फक्त शुभेच्छा दिल्या. नाना आता साक्रीकडे, गावी असतात. प्राचार्यही बदलून गेले. नमुना मी बनवला होता. आज हे पहिल्यांदा लिहिते आहे. नानांच्या समोर उभं राहून, मोठ्याने, मराठीत म्हणायचं अजून राहिलं आहे.