कंदील पांढऱ्या डब्यावर येईल

उदगीरवाल्यानं ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा मी लुधियानात कारखान्याच्या पायरीवर बसून चहा पीत होतो. दिवस मावळत होता आणि धुकं इतकं की समोरचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. फोटो टीव्हीच्या पडद्याचा होता, हात हलल्यामुळं पुसटलेला. खेळणाऱ्या मित्रांची यादी, तिच्यात सगळ्यांत वर माझ्या दोस्ताचं नाव, आणि नावापुढं हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे माणूस आत्ता, या घडीला, टीव्हीला जोडलेला गेमचा डबा चालू करून बसलाय.

माझा दोस्त पावसाळ्यात काविळीनं गेला होता.

फोटोमागोमाग उदगीरवाल्याचा आवाज आला. हा माणूस कायम दुसऱ्याची खेचणारा, पण त्या दिवशी अगदी हळू बोलत होता. "अय्यो, हे काय हाय बे? मी पांढरा डबा लावला आन् हा वर बसलेला. काल बी होता. काल मी कुणाला बोललो न्हाई, म्हणलं भास असंल. थोडा येळ ऱ्हातंय आन् जातंय. कुणीतरी बघा रे, मला एकट्याला बघू वाटंना."

चहा तसाच राहिला. माझा स्वभाव मुळात घाबरट. फोन वाजला तरी आधी गावाकडचं कुणी गेलं का हेच मनात येतं. त्या संध्याकाळी मी फोन पालथा करून पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसलो.

हा ग्रुप एका खेळासाठी होता. दिवा घेऊन बुडालेल्या गावातून फिरणाऱ्या एका राखणदाराचा खेळ. त्याचे बरेच भाग निघाले होते, दर भागात नवं गाव. खेळ जपानी कंपनीचा, पण खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'कंदील' म्हणायचो. कंदील फक्त एका कंपनीच्या यंत्रावर चालायचा, ते काळं होतं. दुसऱ्या कंपनीचं यंत्र पांढरं. त्यामुळं काळा डबा आणि पांढरा डबा. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर इकडची पोरं ग्रुपवर होती आणि त्यांचा वर्षानुवर्षं एकच वाद: कंदील पांढऱ्या डब्यावर यावा का न यावा.

उदगीरवाल्याचं घरचं कापडाचं दुकान, दोन्ही डबे त्याच्याकडं, तरी तो न यावा या बाजूचा. "ज्यानं कंदिलापायी काळा घेतला, तो काय येडा होता का? सगळीकडंच मिळाला तर मग चव काय ऱ्हाईली?" माझा दोस्त यावा या बाजूचा. किंबहुना त्या बाजूला तो जवळजवळ एकटाच होता. "तुझ्या दुकानातलं कापड लातुरात विकलं म्हणून उदगीरची चव गेली का, शेठ? येऊ दे की. चार लोक जास्त खेळले तर पुढचा भाग तरी निघंल. आणि येणारच हाय. या वर्षी न्हाई तर पुढल्या वर्षी, येईल."

"तुला कुणी सांगितलं बे? सपनात आले व्हते का जपानी?"

"हाव. धपाटे खाऊन गेले."

हे सगळं बोलणं आवाजातच चालायचं. ग्रुपचा नियमच तसा: टाईप करायचं नाही, बोलून पाठवायचं. तो नियम माझ्या दोस्तानं केला, आणि का केला ते मलाच ठाऊक होतं. माझी शाळा आठवीत सुटली. मुखेडकडच्या आमच्या गावातून मी नांदेडला एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागलो. वाचायला येत होतं, पण चार माणसांसमोर लिहायचं म्हणलं की नेमकी अक्षरं चुकायची. सुरुवातीला ग्रुपवर मी एक ओळ लिहिली होती आणि कुणीतरी तिच्यावर हसलं होतं. दुसऱ्या दिवशी दोस्तानं जाहीर केलं, "इथं लिहायचं न्हाई. भांडायचंय तर तोंडानं भांडा." मला त्यानं कधी काही म्हणून दाखवलं नाही.

तो लातूरचा. वडील शिक्षक, घरात पुस्तकं, आणि हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. आमची ओळख नांदेडला स्टेशनजवळच्या गेमच्या दुकानात झाली. तिथं तासावर काळा डबा खेळायला मिळायचा. मला कंदील खेळता यायचा, पण पडद्यावरचं इंग्रजी कळायचं नाही. तो शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगायचा. राखणदार काय म्हणतोय, विहिरीतली बाई काय म्हणतीय. बुडालेल्या गावातली ती सगळी माणसं माझ्या डोक्यात अजून त्याच्याच आवाजात बोलतात.

आता पांढऱ्या डब्याचं सांगतो. त्याला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून वडील, म्हणजे अण्णा, त्याला बक्षीस द्यायचं ठरवून लातूरच्या दुकानात गेले. पोराला न विचारता, कारण अचानक द्यायचं होतं. दुकानात दोन्ही डबे मांडलेले. शिक्षक माणूस, त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ज्यावर खेळ कमी असतील तो कोणता?" म्हणजे अभ्यास बुडायला नको. त्यानं पांढरा काढून दिला. अण्णांना तो रंगानंही बरा वाटला. सुट्टीत घरी आणला की फ्रिजशेजारी शोभेल म्हणाले. मग चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, लातूर ते नांदेड एसटीनं ते स्वतः घेऊन आले. वाटेत एका माणसानं विचारलं, बाळाला बरं नाही का?

मी तेव्हा दोस्ताच्या खोलीवर होतो. चादर सुटली. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. भिंतीवर कंदिलाचं भलंमोठं चित्र लावलेलं आणि खाली हा डबा, ज्यावर कंदील चालतच नाही.

अण्णा म्हणाले, "हाच ना रे? बरोबर आणलाय ना?"

"एकदम बरोबर, अण्णा," तो म्हणाला. "मला हाच पायजे होता."

अण्णा गेल्यावर त्यानं मला एवढंच सांगितलं, की ही गोष्ट कुठं निघायला नको. त्या दिवसापासून तो ग्रुपवर 'येईल' म्हणायला लागला. पोरांना वाटायचं हट्ट आहे. मला माहीत होतं: कंदील पांढऱ्यावर आला की अण्णांनी आणलेला डबा बरोबर ठरणार होता. जोवर येत नाही तोवर तो गेमच्या दुकानात पैसे मोजून खेळायचा आणि घरी फोनवर सांगायचा की डबा झकास चालून राहिलाय.

आणि तरीही मी उदगीरवाल्याच्या बाजूनं बोलायचो. माझ्याकडं काळा नव्हता, पांढराही नव्हता. पण कंदील त्याच्या खोलीवर आला तर तो स्टेशनजवळ कशाला येईल, आणि मग माझ्या शेजारी बसून विहिरीतली बाई काय म्हणतीय ते कोण सांगेल, अशी मला धास्ती होती. त्याला ती कळली असावी. एकदा म्हणाला, "येड्या, आला तर तू खोलीवर यायचंस. चपला बाहेर काढ म्हंजी झालं."

लुधियानाचं कामही त्याच्यामुळंच लागलं. वेल्डिंगच्या दुकानात फाटक दुरुस्त करून घ्यायला आलेल्या एका सरदारजींनी मला लुधियानातल्या कारखान्यात येतोस का विचारलं होतं; दोस्तानं त्यांच्याशी हिंदीत सगळं बोलून घेतलं, राहायची सोय विचारली, आणि अमृतसरच्या गाडीत मला बसवायला आला. हातात त्याच्या आईनं लातूरहून पाठवलेली धपाटी आणि शेंगांची चटणी. इथं मी नांदेडचा म्हणलं की म्हातारी माणसं हात जोडतात, हुजूर साहेब गुरुद्वाऱ्याच्या गावचा म्हणून. मी काहीच केलेलं नाही, तरी मला मान मिळतो. तो मानही मला त्यानंच गाडीत बसवून दिल्यासारखा वाटतो.

तो गेला तेव्हा मी पोचू शकलो नाही. म्हणून असेल, तो माझ्यासाठी नीट गेलाच नव्हता. ग्रुपवर वर सरकवत गेलं की त्याचे आवाज तसेच होते. मी कपडे वाळत घालताना ते लावायचो. "येईल," तो म्हणायचा. खाली उदगीरवाला हसायचा. पुन्हा "येईल."

आणि आता हा हिरवा ठिपका. पुढचे काही दिवस रोज दिवेलागणीला उदगीरवाला सांगायचा, आला. थोड्या वेळानं, गेला. कुणी म्हणालं यंत्राचा बिघाड असेल. कुणी म्हणालं त्याचा पासवर्ड चोरीला गेलाय. देगलूरचा एक पोरगा म्हणाला, "त्यो कंदील आला का बघायला येत असंल." धुक्यात कारखान्यातून खोलीवर जाताना मला मागं पावलं वाजल्यासारखी व्हायची. वळून बघायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर पावलं थांबू नयेत असंही वाटायचं.

शेवटी मी अण्णांना फोन लावला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. आधी तब्येत विचारली, आईची विचारली, पाऊसपाणी विचारलं. मग म्हणलं, "अण्णा, तो पांढरा डबा कुठाय?"

"आहे की. फ्रिजशेजारी," ते म्हणाले. "रोज देवापुढं दिवा लावला की मी तोही लावतो थोडा वेळ. यंत्र बंद राहिलं की खराब होतं म्हणतात. त्याचं नाव येतं पडद्यावर. नमस्कार करतं ते यंत्र, त्याचं नाव घेऊन."

म्हणजे तो हिरवा ठिपका अण्णांचा होता. भीती गेली. पण तिच्या जागी जे आलं ते जास्त जड होतं.

"बरं झालं तू फोन केलास," अण्णा पुढं म्हणाले. "एक विचारायचं होतं. त्याच्या खोलीत ते कंदिलाचं चित्र होतं ना, ते मी इथं आणून लावलंय. म्हणलं तो खेळ एकदा बघावा, पोरगा काय एवढा रमायचा. यंत्रात मी सगळीकडं शोधला. मास्तर माणूस मी, ओळ न ओळ वाचली. तो खेळ त्यात सापडत नाही." मागं टीव्हीचा बारीक आवाज येत होता. "मी चुकीचं आणलं होतं का रे?"

ज्या गोष्टीसाठी तो वर्षानुवर्षं एकटा भांडला, ती गोष्ट फोनमधून येऊन माझ्या हातात उभी होती. हो म्हणलं तर त्याचं सगळं वाया. नाही म्हणलं तर शिक्षकापुढं खोटं. आणि मग मी बोललो, पण ते कुठून आलं मला माहीत नाही.

"न्हाई अण्णा. डबा बरोबरच हाय. खेळच यायला उशीर लावून राहिलाय."

"म्हणजे येणार आहे?"

"येईल."

हा शब्द माझ्या तोंडून त्याच्यासारखाच निघाला, शेवटी जरा वर चढवलेला. अण्णा म्हणाले, "मग मी चालू ठेवतो."

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर बोललो. ठिपका कुणाचा आहे ते सांगितलं, डब्याचं काहीच सांगितलं नाही. आणि शेवटी म्हणलं की कंदील पांढऱ्यावर यायला पायजे, आणि येईल.

उदगीरवाल्याचं उत्तर बऱ्याच उशिरानं आलं. "तू तर माझ्या बाजूचा व्हतास की बे."

"व्हतो."

"तुला कुणी सांगितलं येईल म्हणून? तुझ्या बी सपनात आले व्हते का?"

"हाव," मी म्हणलं. "धपाटे खाऊन गेले."

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याचा आवाज आला, "अण्णा आले बरं का." आणि मग, "मी बी माझा पांढरा लावूनच ठिवलाय. ते उठूस्तर मी उठत न्हाई. एकट्याचं नाव वर बरं दिसत न्हाई."

आता मी बातम्या बघतो, रोज, कामावर जायच्या आधी. कधी कुणी लिहितं की बोलणी चालू आहेत, कधी लिहितं की कंपनीनं साफ नाही म्हणलंय. आधी मला कंदील येईल याची धास्ती होती. आता न येण्याची आहे, आणि ती मोठी आहे, कारण अण्णांचा फोन दर आठवड्याला येतो. तब्येत विचारतात, थंडी विचारतात, जेवलास का विचारतात. मला मागं त्या डब्याचा बारीक सूर ऐकू येतो.

"काही कळलं का रे?"

"येऊन राहिलाय, अण्णा," मी म्हणतो, आणि धुक्यात माझ्या मागं कुणीतरी चपला काढून उभं राहिल्यासारखं वाटतं.