राईतलं यंत्र आणि नानांचं गाऱ्हाणं

देवळाच्या राईत झाडाला यंत्र टांगायचं, तर आधी देवाला विचारायला नको? पुण्याच्या प्राध्यापकांना हे फोनवर समजावताना संजनाच्या नाकी नऊ आले. पण मालवणकडच्या तिच्या गावात रवळनाथाच्या कौलाशिवाय राईतली फांदीसुद्धा कोणी तोडत नाही, आणि गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान तर तिच्याच वडिलांचा, नानांचा.

२००९ सालची गोष्ट. संजना पीएचडी करत होती. राईतल्या जुन्या सातविणीच्या ढोलीत ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची मादी दार लिंपून आत बसली होती. झाडावर न चढता, पाखराला त्रास न देता, नुसत्या आवाजावरून ढोलीत पिल्लू आहे की नाही हे संगणकाला ओळखता येतं, एवढं संजनाला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी सातविणीच्या खालच्या फांदीला आवाज टिपणारी पेटी टांगायची होती; बॅटरी पुरावी म्हणून ती रोज सकाळचा तासभरच चालणार होती. नानांना हे निव्वळ खूळ वाटे. पोरीचं लग्नाचं वय चाललंय आणि ही पाखरांच्या मागे!

"ह्यो एक सीझन," त्यांनी बजावलं. "काम झाला नाय, तर शिक्षाण बंद. मगे पावणे येतले."

संजनाने मान डोलावली आणि ती पेटीच्या तयारीला लागली.

कौल उजवा पडला, म्हणजे देवाने होकार दिला. गाऱ्हाण्यात नाना कधी हात आखडता घेत नसत. "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्र तुझ्या रायेत बसता हा. जा कोण बोलात, ता सगळा तेका आयकांदे!"

"होय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

आणि इथेच घोळ झाला. देवाच्या कौलाने बसलेलं, सगळं ऐकणारं यंत्र. म्हणजे तो देवाचा कानच की! मग मधे मानकरी कशाला? माणसं रोज सकाळी सकाळी गुपचूप राईत जाऊन आपापलं गाऱ्हाणं त्या पेटीलाच सांगू लागली. संजनाला याचा पत्ता नव्हता.

मे महिन्यात तिने पेटी उतरवली. संगणकाला तिने दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पिल्लाची हाक ओळखायची, आणि माणसाचा आवाज असेल तो सबंध तुकडा बाजूला टाकायचा. संगणकाने निकाल दिला: पिल्लू नाही. नर फळं घेऊन येताना तिने स्वतः पाहिला होता, मग पिल्लू गेलं कुठे? तिने टाकून दिलेले तुकडे लावले. पहिल्यातच शेजारची सत्यवती सांगत होती, "सुनेची जीब जरा आखूड कर रे देवा!" पुढे भिकाजीला म्हशीचं दूध वाढवून हवं होतं. एवढ्या गलक्यात नर घरट्याकडे फिरकेल कशाला? एरवी संजना पोट धरून हसली असती. आता तिला रडू येत होतं. गावाने तिच्या मेहनतीवर पाणी फिरवलं होतं.

मग एका तुकड्यात पाचोळा वाजला, ओळखीचा खोकला आला, आणि पुढे काहीच नाही. साऱ्या गावासाठी घडाघडा बोलणारे नाना पेटीपुढे उभे होते आणि त्यांना शब्द सापडत नव्हते. ते तसेच उभे राहिले, इतका वेळ की वर नराच्या पंखांचा मोठा आवाज झाला आणि ढोलीतून पिल्लाने चिरकी हाक मारली. एकदा, पुन्हा, कितीदा तरी! संजना आनंदाने ओरडलीच.

आणि मग नाना हळू आवाजात बोलले. "देवा, चेडवाचा लगीन लवकर होवंदे म्हणान गेल्या वर्सा मी तुका सांगितलंय. ता मागणा माका परत घेवचा आसा. तेचा शिक्षाण माका कळणा नाय. पण तेका कळता मां! ता पुरा होवंदे. पावण्यांका काय सांगूचा ता मी बघतंय."

नाना अंगणात कोकमं वाळत घालत होते. डोळे पुसत संजना बाहेर आली.

"नाना, पिल्लू गावला. पण तेच्यावांगडा तुमचो आवाजय पुण्याक जातलो."

नानांना सगळं समजलं. त्यांनी मान वर केली नाही. "बोलणा काढ," ते पुटपुटले. "पाखरू ठेय."

"काढूक येता," संजना म्हणाली. "पण मी काढूचंय नाय."